भट्टी चालू आहे

४ मार्च

खारूताई,

त्या सकाळी मी आधी टेबल पुसलं. आदल्या दिवशीची मेणाची कात्रणं डबीत गोळा केली, प्लास्टर चाळलं, पाण्याचं भांडं भरलं आणि खिडकीचा पडदा खिळ्याला अडकवला, कारण तुझ्या मामांना दाताचा रंग बघायला दिव्याचा उजेड चालायचा नाही. मध्येच दूध उतू गेलं म्हणून स्वयंपाकघरात पळाले. परत आले तर ते स्टुलावर बसून भट्टीचा आकडा चढताना बघत होते. म्हणाले, "दूध गेलं ना? वास आला. पण भट्टी बरोबर तापली." बस्स, एवढीच ती सकाळ. चार वर्षं झाली. सांगण्यासारखं तिच्यात काही नाही, पण तुझं पत्र वाचलं आणि नेमकी तीच समोर येऊन बसली.

नव्या दवाखान्याच्या बाहेरच्या खोलीत तू काचेचं कपाट करणार, त्यात मामांची भट्टी, ब्रश आणि मेणाचे चाकू मांडणार, खाली पितळी पाटी लावणार. चाळीस वर्षं डॉक्टरांनी पाठवलेल्या मापांवरून त्यांनी कॅप बनवल्या, तेव्हा भाचीने त्यांची आठवण ठेवावी हे चांगलंच. पण भट्टी मिळणार नाही. ती चालू आहे. आज सकाळीच तिच्यात दोन दाढा भाजल्या. गरम वस्तू काचेत ठेवली तर काच तडकते.

बाकी तू विचारलंस त्याची उत्तरं देते. खुर्ची घेण्याआधी अर्धा तास तिच्यात स्वतः तोंड उघडून पडून राहा. मान अवघडली तर दुसरी बघ, विकणारा कितीही गोड बोलू दे. दातात भरलेलं कडक करायला निळा दिवा घेशील, त्याची ताकद मोजायचं छोटं यंत्रही घे. दिवा म्हातारा झाला तरी दिसायला तेवढाच निळा दिसतो.

आणि लॅब बघायला जाशील तेव्हा चांगलं काम दाखवा म्हणू नकोस, ते सगळेच दाखवतात. फेकून दिलेलं दाखवा म्हण. ज्यांच्याकडे फेकलेलं काहीच नसेल त्यांनी ते कोणाच्या तरी तोंडात बसवलेलं असतं. जी लॅब फोन करून म्हणते की डॉक्टर, तुमचंच चुकलंय, ती धरून ठेव. जी कधीच काही बोलत नाही आणि चौथ्या दिवशी गुपचूप डबी पाठवते, तिला भिऊन राहा.

तुझी मामी


१५ मार्च

मामी,

तुझं पत्र तीनदा वाचलं. भट्टी चालू आहे म्हणजे काय? कोण चालवतंय? मामांना जाऊन दीड वर्ष झालं. आम्हाला सगळ्यांना वाटत होतं की तू ती खोली बंद केली असशील. आई तर म्हणाली, तिला करमत नाही म्हणून उगाच भांडी लावल्यासारखी भट्टी लावत असेल.

खरं सांगते, रागावू नकोस. लॅब जवळजवळ ठरली आहे. माझ्या भागीदाराने शोधली. तोंडात पेनासारखा कॅमेरा फिरवायचा, की दातांचं चित्र थेट त्यांच्या संगणकावर जातं आणि त्यांचं यंत्र ठोकळ्यातून कॅप कोरून काढतं. माप नाही, प्लास्टर नाही, पेशंटला उमासे नाहीत. मी त्यांची लॅब बघून आले. ऑपरेशनच्या खोलीसारखी स्वच्छ. फेकलेलं दाखवा असं म्हटलं तर ते हसले. मीही हसले.

तुझ्याबद्दल भागीदाराशी बोलले. म्हटलं, मामी मामांच्या हाताखाली प्लास्टर ओतायची, तिला या कामातलं बरंच कळतं. तो म्हणाला, मग त्यांना बाहेरच्या खोलीत बसवू, पेशंट घाबरलेले असतात, बोलायला प्रेमळ माणूस हवंच. बघ ना मामी. आता जरा आराम कर. किती वर्षं त्या धुळीत बसलीस.

आणि कपाटाचं मी मनापासून म्हणते आहे. पायरीवरून पडून माझा पुढचा दात मोडला, तेव्हा मामांनी केलेला दात मी अजून पेशंटना ओठ वर करून दाखवते. कोणता खोटा ते ओळखा म्हणते. अजून एकालाही ओळखता आलेला नाही. तो कपाटात ठेवता येत नाही म्हणून तोंडात आहे, एवढंच.

तुझी
खारूताई


२२ मार्च

खारूताई,

प्रेमळ माणूस मी नाही. घाबरलेल्या पेशंटला मी म्हणेन, घाबरायलाच हवं, डॉक्टरांना घाई झाली आहे. तुझ्या भागीदाराला हे सांग. मी त्याचं नाव घाईडॉक्टर ठेवलं आहे, तेही सांगितलंस तरी चालेल.

कॅमेऱ्याला माझं काही म्हणणं नाही. पण तो मला जे चित्र पाठवेल ते मी कुठल्या भांड्यात ओतू? कॅमेरा आला की तुझ्याकडून माझ्याकडे येणारी वाट बंद. तेव्हा जे सांगायचं ते आत्ताच सांगते.

भट्टी मी चालवते. मामा गेल्यावर ज्या तीन डॉक्टरांचं काम आमच्याकडे होतं त्यांना मी स्वतः जाऊन सांगितलं, आता काम मी करते, ठेवायचं तर ठेवा. एक गेला, दोघं राहिले.

दुसरं. त्या सकाळी मी भट्टी लावली आणि दूध उतू गेलं, त्या सकाळी टेबलावर तुझ्याच दाताचं माप होतं. मामांचा उजवा हात त्याआधी वर्षभर कापायला लागला होता. चमचा धरला तर ताटात वाजायचा. ब्रशने पोर्सिलेनचा थर चढवायचा, टिपकागदाने पाणी ओढून घ्यायचं, पुन्हा थर, पुन्हा टिपकागद, हे कापणाऱ्या हाताने होत नाही. ते शेजारच्या स्टुलावर बसून सांगायचे आणि मी करायचे. कडेला जरा निळसर घे. आता थांब. आता पुसून टाक, परत कर. तुझा दात मी तीनदा पुसला. हात माझे, डोळे त्यांचे, असं शेवटची तीन-साडेतीन वर्षं चाललं. कोणाला सांगायचं नाही असं त्यांनी माझ्याकडून कबूल करून घेतलं होतं, आणि ते असेपर्यंत मी तोंड मिटून होते. तू ओठ वर करून जो दात दाखवतेस तो या हाताने केलेला आहे. तुझं दोन पुढच्या दातांवरून पडलेलं नाव निम्मं माझ्यामुळे टिकलं आहे म्हण.

शाळा मी सातवीत सोडली. पण भट्टीबरोबर आलेलं जाडजूड पुस्तक मी शब्दकोश घेऊन दोन वर्षांत वाचून काढलं. मामांनी ते कधी उघडलं नाही. अडलं की मला विचारायचे. वाचनालयातून उजेडावरची, डोळ्यांवरची पुस्तकं आणली, ती त्यांना वाचून दाखवली. दहा-दहा पानांनंतर म्हणायचे, हे तर मला माहीत होतं, फक्त असं सांगता येत नव्हतं.

त्यांचं स्टूल अजून तिथेच आहे. त्यावर कोणी बसत नाही, मीही नाही. भट्टीचा आकडा अजून मोठ्याने सांगते. सवय आहे. जाईल असं वाटत नाही, आणि जावी असंही नाही.

आता माझी अट. कॅमेरा घेण्याआधी मला एक काम पाठव. दाढ नको, पुढचा दात पाठव, जो हसताना सगळ्यांना दिसतो. माझं काम बिघडलं तर भट्टी मी स्वतः पुसून तुझ्या कपाटात आणून ठेवीन, आणि बाहेरच्या खोलीत बसून सगळ्यांशी प्रेमाने बोलेन. नाही बिघडलं तर तुझ्याकडचे पुढचे दात माझ्याकडे येतील, मापाने आणि प्लास्टरने, आणि तुझ्या भागीदाराने त्यावर हूं की चूं करायचं नाही.

मामी


९ एप्रिल

मामी,

उत्तराला उशीर झाला. मी आरशासमोर उभी राहून दात बघत होते, असं सांगितलं तर हसशील. आईला अजून सांगितलेलं नाही. कसं सांगू ते कळत नाही. आणि माझी भाषा आठवून मला लाज वाटली. प्लास्टर ओतायची म्हणे.

अट मान्य. भागीदारालाही. तो म्हणाला, सारखंच काम दोन्हीकडे पाठवू, म्हणजे कोणाला बोलायला जागा नको. पेशंट एका शाळेच्या मुख्याध्यापिका आहेत. वरचा पुढचा दात, जुनी कॅप फुटली होती. बाई कडक आहेत. खुर्चीत बसल्या बसल्या त्यांनी भागीदाराला हात धुवून यायला सांगितलं. त्याने नुकतेच धुतले होते, तरी तो पुन्हा धुवून आला.

मोठ्या लॅबच्या लोकांनी कॅमेरा आठवडाभर वापरून बघायला दिला आहे, त्यांना त्यातून चित्र गेलं. तुला नेहमीचं माप पाठवते आहे. सोबत चिठ्ठी आणि फोटो. दाताचा रंग मी स्वतः बघितला, ए-वन, म्हणजे ए मधला सगळ्यात पांढरा. रंगांच्या नमुन्याचा दात त्यांच्या दाताशेजारी धरून फोटोही काढला आहे. मामांच्या नियमाप्रमाणे एका मापातून दोन मॉडेल ओतशील, हे माहीत आहे. एक काम करायला आणि एक कोरं, हात न लावायला. मी लहान असताना कोऱ्या मॉडेलला बोट लावलं म्हणून मामा पहिल्यांदा आणि शेवटचं माझ्यावर ओरडले होते.

बाईंना चोवीस तारखेला बोलावलं आहे.

खारूताई


१४ एप्रिल

खारूताई,

माप चांगलं आलं आहे. कडा स्वच्छ, बुडबुडा नाही. दोन्ही मॉडेल ओतली. हात तयार झाला आहे तुझा.

चिठ्ठी परत पाठवते आहे. हा रंग बाईंचा नाही.

फोटो खिडकीत धरून बघ. वरचे दात खडूसारखे दिसतात, खालचे जुन्या कागदासारखे. एकाच तोंडात दोन रंग कसे? खालचे ओले आहेत. वरचे तू तासभर कोरडे ठेवलेस, हवा मारलीस, कापूस कोंबलास, आणि सगळं खोदकाम झाल्यावर रंग बघितलास. चिठ्ठीवर तूच वेळ लिहिली आहेस, बारा चाळीस. दात वाळला की पांढरा दिसतो. पुन्हा ओला व्हायला त्याला कितीतरी वेळ लागतो. रंग आधी बघायचा असतो, दाताला काहीही करण्याच्या आधी, सकाळच्या उजेडात. हे मामांनी तुला सांगितलं होतं. तू मोठ्या शाळेत शिकून विसरलीस.

या रंगाचा दात मी भट्टीत घालणार नाही. बाईंना एका सकाळी, तोंडाला हात न लावता, माझ्याकडे पाठव. नाहीतर तू खिडकीशी बसवून नीट बघ आणि नवी चिठ्ठी लिही.

मामी


२० एप्रिल

मामी,

तू मला तोंडघशी पाडलंस.

तीन वर्षं मी रोज दातांचे रंग बघते आहे. तुला एक फोटो दिसला आणि माझं चुकलं? भागीदाराने तुझं पत्र वाचलं आणि एवढंच म्हणाला, "लॅबने चिठ्ठीवर लिहिलेलं करायचं असतं. त्यांना जमत नसेल तर तसं सांगायचं."

मोठ्या लॅबची कॅप आली. चौथ्या दिवशी. कागदाची घडी बसावी तशी अचूक बसते आहे. चोवीसला बसवणार. त्याचं म्हणणं, एका लॅबने काम केलं, दुसरीने केलं नाही, निकाल लागला. अट तूच घातली होतीस. कपाट तयार आहे. टेम्पो कधी पाठवू तेवढं कळव.

खारूताई


२२ एप्रिल

खारूताई,

अट अशी होती की माझं काम बिघडलं तर. जे मी केलंच नाही ते बिघडेल कुठून? टेम्पो पाठवू नकोस. पाठवलास तर मी त्यात बसून येईन आणि तुझ्या भागीदाराला चिठ्ठी वाचायला शिकवीन.

रंग मला जमत नाही असं त्याने म्हणावं, याचं वाईट वाटलं. कारण दीड वर्षं मला स्वतःलाच तशी भीती होती. हात माझे होते, डोळे त्यांचे होते, आणि डोळे गेले. प्रत्येक दाताच्या वेळी मी त्या रिकाम्या स्टुलाकडे बघते आणि बरोबर आहे का विचारते. या वेळी फोटो बघितला आणि विचारलं नाही. मला दिसलंच.

एकच कर. कॅप पक्की चिकटवण्याआधी बाईंना तोंड मिटून अर्धा तास बाहेर बसव. मग नुसती दातावर टेकव, खिडकीपाशी ने आणि हातात आरसा दे. त्यांनी चांगलं म्हटलं तर खुशाल चिकटव आणि मला लिही. मी भट्टी बंद करीन.

मामी


२७ एप्रिल

मामी,

तू म्हणालीस तसं केलं. भागीदार वैतागला, पण बाईंना स्वतःलाच पेपर तपासायचे होते, त्या अर्धा तास बाहेर लाल पेन घेऊन बसल्या.

मग खिडकीपाशी नेलं. मामी, मला आरसा द्यायची गरजच नव्हती. सगळे दात त्यांच्या वयाचे आणि मध्ये एक दात अंगणात धुऊन वाळत घातल्यासारखा. बाईंनी आरशात बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि शांतपणे म्हणाल्या, "डॉक्टर, हा दात माझ्या नातीचा आहे. तिला परत द्या."

भागीदार लगेच लॅबवर घसरला. त्यांना फोन लावायला निघाला. मी त्याच्या हातातून चिठ्ठी घेतली. ए-वन, माझं अक्षर. बारा चाळीस, माझं अक्षर. लॅबने तंतोतंत मी लिहिलं तेच केलं होतं. मी त्याला म्हटलं, चूक त्यांची नाही, माझी आहे, आणि ती मला एकाच लॅबने सांगितली. त्याने फोन खिशात ठेवला आणि म्हणाला, आपल्या मामींना विचार, बाईंना कधी पाठवायचं. आपल्या मामी म्हणाला, लक्षात घे.

गेल्या पत्राबद्दल काय लिहू. तू पहिल्याच पत्रात सांगितलं होतंस, चूक दाखवणारी लॅब धरून ठेव. मी वाचलं होतं, हसले होते, आणि तशी लॅब समोर आली तर टेम्पो पाठवायला निघाले.

बाईंना येत्या बुधवारी सकाळी पाठवते. नवी कोरी चिठ्ठी देते, रंग तूच लिही. मोठ्या लॅबची ती कॅपही देते, बघायची असेल तर. भागीदाराचं एकच म्हणणं आहे आणि यात त्याचं बरोबर आहे. परत आलेल्या चिठ्ठीवर खालचा रकाना रिकामा होता, काम करणाऱ्याची सही. दवाखान्याला कोणाची तरी सही लागते, उद्या काही झालं तर विचारायचं कोणाला? मामांची चालणार नाही, एवढंच तो म्हणाला.

खारूताई


६ मे

खारूताई,

सोबतच्या डबीत बाईंचा दात आहे. कोऱ्या मॉडेलवर बसवून बघितला, मगच डबीत घातला. ओठाच्या बाजूला खाली एक बारीक रेघ ठेवली आहे, ती चूक समजून घासू नकोस. त्यांच्या शेजारच्या दातावर तशीच आहे.

मोठ्या लॅबची कॅपही कोऱ्या मॉडेलवर बसवली. खोटं कशाला बोलू, माझ्यापेक्षा बरी बसते. केसाएवढी फट नाही. ते काम सोडू नकोस. मागच्या दाढांना ताकद लागते आणि त्या कोणी बघत नाही, त्या झिर्कोनियाच्या, त्यांच्या त्या टणक ठोकळ्याच्या, तिकडूनच कर. कॅमेराही घे, उमासे येणाऱ्यांना बरा. पण पुढचे दात माझ्याकडे, मापाने आणि प्लास्टरने, ठरल्याप्रमाणे. आणि रंग चुकलेला दिसला तर मी पुन्हा चिठ्ठी परत पाठवीन, मग तुझा भागीदार मला आपली म्हणो नाहीतर कोणाची म्हणो.

कपाट केलंच आहेस तर त्यात हातमोज्यांचे खोके ठेव. पितळी पाटी मात्र राहू दे. त्यांचं नाव दारात असावं. हत्यारं नकोत, ती मला लागतात. तुझ्या आईला मी स्वतः लिहिलं आहे. भाऊ गेला म्हणून रडली त्यापेक्षा जास्त रडेल, पण तिला कळायला हवं.

सहीचं विचारलंस. इतकी वर्षं त्या रकान्यात त्यांची सही असायची. हात कापायला लागल्यावर डाव्या हाताने उजवं मनगट धरून करायचे, तेवढी मात्र मला करू देत नव्हते. ते गेल्यापासून मी तो रकाना कोरा ठेवत होते. दोन्ही डॉक्टरांनी कधी विचारलं नाही आणि मीही विषय काढला नाही. तुझ्या भागीदाराने विचारलं, त्याला शंभर गुण.

तुझं पत्र मंगळवारी मिळालं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी टेबल पुसलं, प्लास्टर चाळलं, पडदा खिळ्याला अडकवला, बाईंना मामांच्या स्टुलावर खिडकीकडे तोंड करून बसवलं, रंग ठरवला, ए-थ्री, आणि चिठ्ठीच्या खालच्या रकान्यात माझी सही केली.

मामी